सआदत अलीचे अर्धे राज्य

लखनौला गोमतीपलीकडे अलीगंज नावाची वस्ती आहे. तेथील जुन्या हनुमान मंदिराच्या शिखरावर चंद्रकोर दिसते. ज्येष्ठातील मंगळवारी तेथे यात्रा लोटते, वाटसरूंना पाणी आणि प्रसाद वाटला जातो. हे मंदिर नवाब सआदत अली खानाच्या आईने, आलिया बेगमेने बांधविले, अशी लखनौकरांची परंपरागत समजूत आहे. आईची आठवण अशी दरसाल जागी होते. मुलगा मात्र विस्मृतीत गेला. आसफउद्दौल्याचा इमामबाडा आणि वाजिद अली शाहाची ठुमरी सर्वांना ठाऊक असते. या दोघांच्या मधल्या या नवाबाची आठवण सहसा कोणी काढीत नाही. तरीही हिंदुस्थानातील इंग्रजी सत्तेच्या उभारणीत त्याच्या एका सहीला फार मोठे स्थान आहे.

आसफउद्दौला १७९७ मध्ये वारला आणि वजीर अली मसनदीवर बसला. काही महिन्यांतच गव्हर्नर जनरल सर जॉन शोअर याने त्याला पदच्युत केले आणि काशीला राहिलेल्या सआदत अलीला जानेवारी १७९८ मध्ये नवाब केले. त्याची किंमत लगेच मोजावी लागली. तैनाती फौजेसाठी सालीना ७६ लाख रुपये ठरले व अलाहाबादचा किल्ला कंपनीकडे गेला. शोअरनंतर आलेल्या वेलस्लीला रोख रकमेपेक्षा मुलूख हवा होता. त्रासून नवाबाने १७९९ मध्ये राज्यत्यागाची इच्छा दर्शविली. वेलस्लीला ती मनापासून आवडली. परंतु आपल्यामागे मसनद मुलांना मिळणार नाही, हे कळताच नवाबाने ती मागे घेतली.

अखेर १० नोव्हेंबर १८०१ रोजी तह झाला. रोहिलखंड, दुआबाचा खालचा भाग, गोरखपूर असा सुमारे १ कोटी ३५ लाख रुपये वसुलाचा प्रदेश, म्हणजे जवळजवळ अर्धे राज्य, कंपनीने घेतले. उरलेल्या अवधला तीन बाजूंनी कंपनीचा वेढा पडला. चौथ्या बाजूला नेपाळ होते.

या तहाचा धक्का मराठ्यांनाही बसल्यावाचून राहिला नाही. दुआबात कंपनीची हद्द आता दौलतराव शिंद्यांच्या ठाण्यांना भिडली. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईला तैनाती फौज पत्करली, तीही २६ लाखांच्या मुलुखाच्या बदल्यात. पुढल्याच वर्षी जनरल लेक कानपुराहून निघाला. त्याने सप्टेंबरात अलीगड व दिल्ली घेतली आणि १ नोव्हेंबरला लासवारीवर शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. लखनौला जे घडले ते पुण्याला वर्ष-सव्वा वर्षात घडावे, हा केवळ योगायोग नव्हता. दोन्हीकडे एकाच धोरणाचा हात होता.

सआदत अली मात्र हातपाय गाळून बसला नाही. उरलेल्या राज्यात त्याने वसुलीची घडी बसविली, खर्चाला आळा घातला आणि तिजोरी भरली. लोक त्याला कंजूष म्हणत. पण पुढे लखनौला रेसिडेंट असलेल्या स्लीमनसारख्या टीकाकारानेही त्याचा कारभार वाखाणला. दिलकुशा कोठी, लाल बारादरी यांसारख्या वास्तू त्याच्याच काळातल्या. १८१४ मध्ये तो वारला. त्याचा संचय त्याच्या मुलाच्या हाती आला आणि त्यातून नेपाळच्या युद्धासाठी कंपनीला २ कोटी रुपये कर्जाऊ गेले. ज्याने मुलूख गमावून पैसा जमविला, त्याचा पैसाही अखेर कंपनीच्याच कामी आला.

परंतु त्या तहाचे खरे विष एका कलमात होते. प्रजेच्या भल्याचा कारभार नवाबाने स्वतःच्या अधिकाऱ्यांकरवी, पण कंपनीच्या सल्ल्याने चालवावा, असे त्यात होते. फौज कंपनीची, सल्ला कंपनीचा आणि जबाबदारी तेवढी नवाबाची! या कलमाचा भंग झाला, असे म्हणून फेब्रुवारी १८५६ मध्ये अवध खालसा करण्यात आले.

सआदत अलीने अर्धे राज्य देऊन उरलेले अर्धे वाचविले असे त्याच्या काळी वाटले असेल. प्रत्यक्षात ते केवळ सुमारे ५४ वर्षे पुढे ढकलले गेले. त्याची कबर कैसरबागेत आहे. अलीगंजच्या शिखरावरील चंद्रकोरीला मात्र कोणत्याही तहाची बाधा झाली नाही.