विळ्याआधीचा चिकटपणा

नंदुरबार जिल्ह्यात, रनाळ्याच्या सपाटीपासून धडगावच्या डोंगरापर्यंत, ‘सिकलसेल’ हा इंग्रजी शब्द घरचाच झाला आहे. भिल्ल, पावरा समाजांत हा आनुवंशिक आजार लक्षणीय प्रमाणात आढळतो. कारण विचारले की उत्तर ठरलेले : तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. हे खोटे नाही, पण अपुरे आहे. आणि ते अपुरे का, हे उमगायला सत्तर वर्षे लागली.

१९१० साली शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडाहून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात या पेशींची नोंद केली. १९४९ साली लायनस पॉलिंग व सहकाऱ्यांनी दोष हिमोग्लोबिनच्या रेणूत असल्याचे दाखवले. १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत तो आढळला. पाठ्यपुस्तके बहुधा इथेच थांबतात.

खरे कोडे पुढेच आहे. प्राणवायू सुटला की हिमोग्लोबिनचे रेणू जुळून दोर वळल्यासारखे तंतू बनवतात. पण लगेच नव्हे. १९७४ साली हॉफ्रिक्टर, रॉस आणि ईटन यांनी हा विलंब मोजला. हिमोग्लोबिन जितके दाट तितका विलंब कमी, आणि तोही सुमारे तिसाव्या घाताने! केशवाहिनीतून पेशी एखाद-दुसऱ्या सेकंदात पार होते. म्हणजे बहुतेक पेशी वाकण्याआधीच निसटायला हव्यात. मग वाट अडते कशी?

१९८० साली अमेरिकेत रॉबर्ट हेबेल यांच्या गटाला दिसले की या पेशी रक्तवाहिनीच्या अस्तराला चिकटतात. ज्या रुग्णाच्या पेशी अधिक चिकट, त्याचा आजार अधिक तीव्र. १९८९ साली धनंजय कौल आणि सहकाऱ्यांनी क्रमही उलगडला : केशवाहिन्यांच्या पुढच्या बारीक शिरांत आधी लवचीक पेशी चिकटतात, आणि मागून आलेल्या ताठर पेशी तिथे अडकतात. पॉलिंगइतके हेबेल, कौल यांचे नाव झाले नाही, हे मला अन्यायाचे वाटते.

चिकटण्याचे गणित मात्र त्याआधीच, १९७८ साली, लॉस अलामॉसच्या जॉर्ज बेल यांनी मांडले होते. दोन पेशींमधला रेणूबंध ओढला की त्याचे आयुष्य ताणाबरोबर झपाट्याने घटते. हेच बेल १९५३ साली के-टू शिखरावर घसरले होते. पीट शोनिंग यांनी एका दोरावर त्यांना आणि साथीदारांना तोलून धरले. दोर किती वेळ टिकेल, हा प्रश्न त्यांना नवा नव्हता.

चिकटपणावरच घाव घालणारे क्रिझानलिझुमॅब हे औषध २०१९ साली अमेरिकेत मंजूर झाले; पुढच्या चाचणीत लाभ दिसला नाही, म्हणून युरोपने २०२३ साली परवानगी काढून घेतली. चिकटवणारा रेणू एकच नाही, ही खरी अडचण.

रनाळ्याच्या शिवारात उन्हात राबणाऱ्या रुग्णाला डॉक्टर ‘पाणी पीत राहा’ म्हणतात, तेव्हा हेच गणित बोलत असते. पेशीतले पाणी घटून हिमोग्लोबिन दहा टक्क्यांनी दाट झाले, तर तो विलंब सुमारे सतराव्या हिश्शावर येतो. चिकटून रेंगाळलेल्या पेशीला मग निसटायला वेळच उरत नाही.