कारंज्याचा कापूस बाजार आणि 'पे नाऊ'चं बटण

मानोऱ्याला घरी गेले की एक प्रश्न ठरलेला असतो. "कायचा अभ्यास करून राह्यली वं तू?" मी सांगते, लोक ऑनलाइन वस्तू निवडतात, पत्ता भरतात, आणि नेमकं पैसे भरायच्या शेवटच्या पानावर थांबतात. ते पान कसं मांडलं तर त्यांचा विश्वास बसतो, हे मी शोधतेय. मागच्या खेपेला काकांनी हे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे पट्टी कशी लिहावं, हेच ना?"

पट्टी म्हणजे माल विकल्यावर अडत्या देतो तो हिशोबाचा कागद. वर वजन आणि भाव, खाली कपाती, आणि शेवटी हातात पडणारी रक्कम. काकांचं वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून मी विषय सोडून जरा मागे गेले. फार लांब जावं लागलं नाही. आपल्या शेजारच्या तालुक्यापर्यंतच.

1853 च्या तहानं निजामाचा वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आला. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीवर सगळ्यांची नजर वळली. माल वाढला तशी लबाडीही वाढली. त्या काळी देशातल्या बऱ्याच बाजारांत सौदा रुमालाखाली व्हायचा. दलाल आणि खरेदीदार कापडाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवायचे. मालक शेजारी उभा, पण त्याला काही कळत नसे. मग पट्टीत अडत, तोलाई, हमाली, कडता, धर्मादाय असं एकेक निघत जायचं. यातलं बरंचसं कळायचं ते कापूस गाडीतून उतरल्यावर, म्हणजे परत न्यायची सोय संपल्यावर.

1886 मध्ये हैदराबादच्या रेसिडेंटच्या आदेशानं कारंज्याचा कापूस बाजार नियमांखाली आला. भारतातला पहिला नियंत्रित बाजार म्हणून याचीच नोंद होते. पुढे 1897 मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजारांचा कायदाच झाला: बाजाराची जागा जाहीर, देखरेखीला समिती, फी ठरलेली. शाळेत आम्हाला हे कुणी सांगितलं नाही, याचा मला अजून राग आहे.

पण हे शेतकऱ्याच्या प्रेमापोटी झालं असं समजू नका. मँचेस्टरला स्वच्छ कापूस वाजवी भावात हवा होता. 1928 च्या शेतीविषयक रॉयल कमिशननं वऱ्हाडच्या पद्धतीची दखल घेऊन असे बाजार इतरत्रही काढायची शिफारस केली, आणि त्याच वेळी या बाजार समित्यांत पिकवणाऱ्याला जागा नाही, हे बोटही ठेवलं. बाजारावरचा विश्वास वाढवायचा होता, पण तो कुणाच्या सोयीसाठी, हा प्रश्न तेव्हाही होताच.

आता माझ्या विषयाकडे येते. बाजारात शेतकरी विकणारा होता, मोबाइलवर आपण घेणारे आहोत. बाजू उलटी झाली, पण अडचण तीच राहिली: रुमालाखाली काय चाललंय ते एकालाच दिसतं. पाचशेचा कुर्ता शेवटच्या पानावर डिलिव्हरी, पॅकिंग, 'सुविधा शुल्क' जोडून सहाशेच्या पुढे जातो, तेव्हा तो कडताच असतो. 2023 च्या नोव्हेंबरात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं अशा फसव्या मांडणीविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. न विचारता टोपलीत वस्तू टाकणं, किंमत तुकड्यातुकड्यानं उघड करणं, 'शेवटचे दोनच शिल्लक' अशी खोटी घाई करणं, हे सगळं त्यात आलंय.

गंमत म्हणजे विश्वासासाठी दुकानं सर्रास कुलपाचं चित्र लावतात. ब्राउझरमधल्या कुलपाचा अर्थ एवढाच होता की वाटेत तुमची माहिती कुणी वाचू शकत नाही. दुकानदार प्रामाणिक आहे, असं ते कधीच म्हणत नव्हतं. लोकांचा नेमका हाच गैरसमज होतो म्हणून गुगलनं 2023 मध्ये क्रोममधून ते चिन्ह काढलं. काटा सरकारी शिक्क्याचा असला तरी तोलणारा कोण, हे पाहावंच लागतं.

आमची वहिनी तूरडाळ आणि पापड ऑनलाइन विकते. तिच्या पानावर रंगीत शिक्के होते, कुलूप होतं, आणि डिलिव्हरीचा खर्च अगदी शेवटी. लोक तिथूनच परत जायचे. आम्ही बसून ते बदललं. पिनकोड पहिल्याच पानावर विचारला, डाळीच्या भावाखाली लगेच पोहोच खर्च आणि एकूण रक्कम दाखवली, पॅकेटचं निव्वळ वजन लिहिलं, मानोऱ्याचा पत्ता आणि ती स्वतः उचलते तो फोन नंबर टाकला. पैसे घरी माल आल्यावर द्यायची सोयही ठेवली. ऑर्डरी थोड्या वाढल्या. तेव्हाच दिवाळी होती, त्यामुळे श्रेय कुणाचं यावर मी प्रबंधात एक ओळही लिहिणार नाही.

नवीन पान काकांना दाखवलं. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी मोबाइल डोळ्याजवळ नेला आणि पट्टी वाचावी तसं वरून खाली बोट फिरवलं.

"एकूण वर लिवलं, बेस केलं. पण याच्या खाली आनखी काही कापनार नाही, हे कुठी लिवलं?"

वहिनीनं तिथंच बसून ती ओळ घातली.