बीडीडी चाळी, वरळी

मुंबईतील भाडेकरूंची मोठी सरकारी वसाहत. १९२०मध्ये स्थापन झालेल्या ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे २०७ चाळी बांधल्या. त्यांपैकी १२१ वरळीत. प्रत्येक चाळ तळमजला अधिक तीन मजल्यांची, ८० खोल्यांची. खोली १६० चौरस फुटांची. नळ-संडास सामायिक.

सुरुवातीच्या रहिवाशांत कोकण आणि घाटावरून आलेले गिरणी कामगार बरेच होते. बायकामुले गावी ठेवून एकेका खोलीत कितीतरी पुरुष राहत, पाळीनुसार झोपत आणि खानावळीत जेवत. अशा बिऱ्हाडाला ‘कुटुंब’ म्हणणे जनगणनेच्या व्याख्येलाही जड जावे. पुढे बायकामुले आली, आणि त्याच खोलीत तीन पिढ्या नांदू लागल्या. पोटमाळा आणि व्हरांडा ही त्यांची खरी जास्तीची जागा. दलित कुटुंबांची मोठी वस्ती हे वरळीचे ठळक वैशिष्ट्य. आंबेडकरी चळवळीचे ते बळकट केंद्र होते. पोलिसांची कुटुंबेही येथे राहत. १९८२च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरणीची मिळकत आटली, तरी अल्प भाड्यामुळे अनेकांना शहर सोडावे लागले नाही. हे या चाळींचे मोठे ऋण होय.

‘म्हाडा’ या राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणामार्फत होणाऱ्या या चाळींच्या पुनर्विकासात पात्र रहिवाशांना ५०० चौरस फुटांचे मालकीचे घर मिळते.