आपली गोष्ट आपल्या तोंडून

नाटकवाल्यांच्या आठवणी आपण मोठ्या आवडीने ऐकतो. कोण भाषण विसरला, कुठल्या गावी ऐन प्रवेशात दिवे गेले, असे किस्से निघाले की वेळ कसा जातो कळत नाही. पण राम नगरकरांच्या ‘रामनगरी’ला मी नुसते किस्से म्हणणार नाही. माझ्या मते तो इतिहास आहे, आणि आम्हा बुलडाणा जिल्ह्यातल्या मंडळींनी त्यातून काही घेण्यासारखं आहे.

नगरकर नाभिक घरातले. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात ते घडले. निळू फुले हे त्यांचे तिथले सोबती. पुढे ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये दादा कोंडक्यांबरोबर आणि ‘कथा अकलेच्या कांद्याची’मध्ये निळूभाऊंबरोबर त्यांनी महाराष्ट्राला पोट धरून हसवलं. मग त्यांनी आत्मकथन लिहिलं आणि तेच रंगमंचावर एकट्याने सांगू लागले. १९८२ साली कांतीलाल राठोड यांनी त्यावर हिंदी चित्रपट काढला. त्यात अमोल पालेकर होते. १९९५ साली नगरकर गेले.

एकपात्री प्रयोग मराठीला नवा नव्हता. पु. ल. देशपांडे १९६१ पासून ‘बटाट्याची चाळ’ एकट्याने उभी करत होते. पण चाळीतली माणसं कल्पनेतली होती. नगरकर मात्र स्वतःचंच आयुष्य घेऊन उभे राहिले. वडिलोपार्जित धंदा, हातातली धोकटी, तिची वाटणारी लाज आणि नाटकाचं वेड, सगळं त्यात आलं.

याचं मोल कळायला जुना गावगाडा आठवावा लागतो. न्हावी हा बलुतेदार. वर्षभर गावाची हजामत करायची आणि सुगीला खळ्यावरून धान्य न्यायचं. मिरवणुकीपुढे मशाल धरण्याचं कामही बऱ्याच गावी त्याच्याकडेच. त्याच्यावर विनोद करायचा हक्क मात्र साऱ्या गावाला! ‘रामनगरी’त हा हक्क नगरकरांनी आपल्याकडे घेतला. आपल्या फजितीवर ते आधी स्वतः हसले, मग आपल्याला हसवलं. हसता हसता ऐकणाऱ्याच्या लक्षात येतं, की आपणही त्या हसणाऱ्या गावातलेच.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. खामगाव आणि जळगाव जामोद इथे वकिली केलेले श्रीपाद कृष्ण कोल्हटकर हे मराठी विनोदाचे आद्य पुरुष. ‘वीरतनय’, ‘मूकनायक’ ही त्यांची नाटकं, ‘सुदाम्याचे पोहे’ हे विनोदी लेख. ते १९३४ साली वारले आणि त्यांचं ‘आत्मवृत्त’ १९३५ साली प्रसिद्ध झालं. म्हणून त्यांचं नाटकवेड आपल्याला त्यांच्याच शब्दांत वाचता येतं. लिहिता येत होतं, लेखनाला मान होता, म्हणून ते टिकलं.

पण याच वऱ्हाडात दंडार होती, गोंधळी होते, बहुरूपी होते. दंडारीत पुरुषच लुगडं नेसून नाचत आणि गाव रात्र जागून काढी. त्या माणसांची आत्मवृत्तं कुठे आहेत? आमच्या भागातल्या एका म्हाताऱ्या दंडारवाल्याला मी एकदा म्हटलं, ‘‘बाबा, तुमच्या लहानपणचं सांगा ना.’’ तो म्हणाला, ‘‘आमचं काय सांगा लागते, भाऊ? रातभर नाचो अन् सकायी वावरात जाओ.’’ एवढ्या एका वाक्यात त्याने सारं आयुष्य गुंडाळून ठेवलं. आपली गोष्ट कुणी ऐकण्याजोगी आहे, असं त्याला कधी कुणी म्हटलंच नव्हतं.

नगरकरांना ते सांगणारी माणसं मिळाली असावीत. कलापथकात बोलायची सवय होती, मित्र होते, प्रेक्षक होते. आपल्या खेड्यांतल्या कलावंतांना निदान एक श्रोता तरी मिळावा. हल्ली खिशातल्या मोबाइलवर तासभर बोलणं सहज साठवता येतं. त्यांना गाणी तर विचाराच, पण खेळानंतर जेवायला कुठे बसवत, झोपायला जागा कुठे मिळे, बिदागी किती असे, घरचे काय म्हणत, हेही विचारा. जातीचा, भुकेचा आणि मानपानाचा इतिहास या उत्तरांतच सापडेल. मात्र उशीर करू नका. ही माणसं आता फार थोडी उरली आहेत.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)