धरसेनाचार्यांनी शाल मागितली नव्हती



१ ऑक्टोबर आला की गावोगावी ज्येष्ठांचे सत्कार होतात. शाल, श्रीफळ, फोटो, भाषणं, चहा. संयुक्त राष्ट्रांनी १४ डिसेंबर १९९० ला ठराव करून हा दिवस ठरवला, आणि १९९१ पासून तो पाळला जातो. आमच्या लाखांदूर तालुक्यापर्यंतही तो पोचला आहे. चांगली गोष्ट आहे, मी नाकं मुरडत नाही. फक्त एक खुपतं. ज्यांचा सत्कार, ते खुर्चीत गप्प, आणि बोलणारे सगळे दुसरेच. आजींना किंवा आजोबांना काय येतं, हे त्या तासाभरात कुणी विचारत नाही.

म्हणून आज आपल्याच इतिहासातल्या काही वयोवृद्धांविषयी लिहिते.

श्वेतांबर मैत्रिणींना ठाणांग सूत्रातले स्थविर माहीत असतील. तिथे स्थविर तीन तऱ्हेचे सांगितले आहेत: वयाने, श्रुतज्ञानाने आणि दीक्षेच्या वर्षांनी. वयाचा स्थविर साठ वर्षांचा. सरकारी ज्येष्ठ नागरिकही साठचाच, ही गंमत पाहा! त्याच सूत्रात पुढे दहा स्थविरांची यादी येते आणि मला ती जास्त आवडते, कारण ती ग्रामस्थविरापासून सुरू होते. मग नगराचा, राष्ट्राचा, कुळाचा, संघाचा. स्थविर हा कशाचा तरी असतो. त्याच्याकडे काहीतरी सोपवलेलं असतं.

आता धरसेनाचार्य. श्रुतपंचमीला आपण जिनवाणीला नवं वेष्टन घालतो, पूजा करतो, पण त्यामागचा म्हातारा माणूस आपल्या लक्षात राहतोच असं नाही. वीरसेनाचार्यांनी धवला टीकेत ही हकिकत दिली आहे. धरसेन गिरनारच्या चंद्रगुहेत राहत होते. वय झालेलं. पूर्वींच्या आचार्यांकडून तोंडी चालत आलेलं श्रुत त्यांच्यापाशी होतं, आणि आपल्यामागे ते बुडेल ही त्यांना काळजी. त्यांनी काय केलं? पत्र पाठवलं. महिमा नगरीत दक्षिणेकडचे आचार्य जमले होते, त्यांना. त्या आचार्यांनी पत्राचा अर्थ ओळखला आणि आंध्र देशातल्या वेण्णा नदीकाठाहून दोन तरुण मुनी गिरनारला धाडले. (वेण्णा म्हटलं की सातारकर आपली वेण्णा म्हणतात, आणि आमच्या इकडच्यांना वैनगंगा आठवते, कारण तिचंही जुनं नाव बेण्णा. शास्त्रात मात्र आंध्र म्हटलंय, तेव्हा आपण भांडायला नको.)

म्हाताऱ्यांनी त्या दोघांना लगेच शिकवायला घेतलं नाही. आधी पारख केली. दोन मंत्र दिले, एकात अक्षर जास्त, एकात कमी. दोघांनी साधना केली तेव्हा एकाला दात पुढे आलेली देवी दिसली आणि दुसऱ्याला एका डोळ्याची. देवता अशा नसतात, मंत्रातच काही चुकलं असणार, हे त्यांनी आपल्या बुद्धीने ताडलं, अक्षरं दुरुस्त केली आणि मग गुरूंकडे आले. तेव्हा कुठे शिकवणं सुरू झालं. आषाढ शुद्ध एकादशीला ते पुरं झालं आणि त्याच दिवशी धरसेनांनी दोघांना निघायला सांगितलं. आपला अंत जवळ आला आहे, त्याचं दुःख या पोरांना नको, म्हणून, असं परंपरा सांगते. दोघांनी पावसाळा अंकलेश्वरला काढला. हेच पुष्पदंत आणि भूतबली. षट्खंडागम त्यांनी लिहिला, आणि तो पुरा झाला तो दिवस ज्येष्ठ शुद्ध पंचमी.

माझ्यासारख्या बाईला इथे वेगळाच प्रश्न पडतो. शेवटच्या दिवसांत त्यांची वैयावृत्य कुणी केली असेल? शास्त्र गप्प आहे. पण त्यांना सेवेपेक्षा विद्यार्थी हवे होते, एवढं त्या पत्रावरून कळतं.

पुढे शेकडो वर्षं धवला टीकेच्या ताडपत्रीय प्रती मूडबिद्रीला बंद होत्या. लोक दुरून दर्शन घेत, वाचायला मिळत नसे. सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी आणि मुंबईचे शेठ माणिकचंद यांनी नक्कल करून घेण्याचा ध्यास धरला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला काम सुरू झालं आणि साधारण पंचवीस वर्षं चाललं. ताडपत्रं उतरवणाऱ्यांत गजपती उपाध्याय होते. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई स्वतः विदुषी. या दोघांनी घरी गुपचूप आणखी एक कानडी प्रत तयार केली. ती सहारनपूरला गेली, तिच्यावरून देवनागरी प्रती झाल्या, आणि त्यांतली एक आपल्या विदर्भात, कारंज्याला आली. रांधावाढा सांभाळून रात्री धवला उतरवणारी ती बाई माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. मूडबिद्रीच्या पंचांना फसवून केलं, असंही कुणी म्हणेल. मी म्हणणार नाही.

१९३९ साली डॉ. हिरालाल जैन यांनी अमरावतीहून धवलेचा पहिला छापील भाग काढला. ते तिथल्या कॉलेजात संस्कृत शिकवत. पाठ जुळवायला कारंज्याची प्रत होतीच. सोळा भाग निघायला जवळपास वीस वर्षं लागली.

याच सुमारास सोलापूरला ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी संसारातून मन काढून बसले होते. १९४० मध्ये त्यांनी ठरवलं की आपली कमाई धर्माच्या आणि समाजाच्या कामी लावायची. पण कुठल्या? हे त्यांनी स्वतः ठरवलं नाही. देशभर फिरून विद्वानांची मतं गोळा केली, आणि १९४१ च्या उन्हाळ्यात नाशिकजवळ गजपंथाला सगळ्यांना बसवून विचार केला. त्यातून जैन संस्कृती संरक्षक संघ झाला. पहिलं दान ३०,००० रुपये. १९४४ मध्ये उरलेलीही सगळी, सुमारे दोन लाखांची मिळकत त्यांनी संघाला दिली. जीवराज जैन ग्रंथमाला ती हीच. धवलेच्या नंतरच्या आवृत्त्याही या संघाने काढल्या. मुलांनी म्हाताऱ्याच्या पैशाचं काय करायचं, याची चर्चा आपल्या घरांत नेहमी होते. म्हाताऱ्याने स्वतः काय करायचं, याची किती होते?

समंतभद्र महाराज तर आपल्याला घरचेच. जन्म १८९१, करमाळ्याचे. १९१८ ला कारंज्याचं महावीर ब्रह्मचर्याश्रम, मग कुंभोज बाहुबली, आणि आणखी कितीतरी गुरुकुलं. १९५२ मध्ये मुनिदीक्षा घेतली तेव्हा साठी ओलांडलेली. वेरूळचं गुरुकुल १९६२ चं आहे. वयाचं गणित तुम्हीच करा. नव्वदी पार करून १९८८ मध्ये ते गेले.

एवढ्या मोठ्या नावांनंतर गावाकडे यायला संकोच वाटतो, पण लिहायचं होतं ते यासाठीच. दिघोरीसारख्या धानाच्या मुलखात जैन घरं मोजकी. पंडित दशलक्षणात आला तर आला. बाकी वर्षभर व्रतकथा, उद्यापनाची मांडणी, सोळाकारणाची गाणी, हे सगळं दोनचार म्हाताऱ्या बायकांच्या तोंडी. छापील पुस्तकात नाही. अशाच एका आजी, ऐंशीच्या पुढच्या. मागल्या दशलक्षणात त्या जुन्या मराठीतलं एक गाणं म्हणत होत्या. सात कडवी झाली आणि आठवं आठवेना. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. आम्ही सगळ्या त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो. कुणालाच येत नव्हतं.

त्या वर्षी त्यांचा सत्कारही झाला होता, छान जरीची शाल दिली होती.

आता दर रविवारी दुपारी नववीतल्या दोन पोरी वही घेऊन त्यांच्याकडे बसतात. मोबाईलवर आवाज घेतात, पण आजींचा त्यावर विश्वास नाही. लिहून काढा आणि मला वाचून दाखवा, म्हणतात. ऱ्हस्वदीर्घ चुकलं की ओळ पुन्हा. अकरा गाणी झाली आहेत. आठवं कडवं त्यांच्या धाकट्या जावेला येतं, असं कळलं आणि फोन लावला, तर जावेच्या मते ते आठवं नाहीच, पाचवं आहे. त्यावरून दोघींचं तिसऱ्या रविवारीही चालू आहे. पोरींनी वहीत दोन्ही जागा मोकळ्या सोडल्या आहेत.