राव, लीला
(१९११ – ). विंबल्डनच्या महिला एकेरीत सामना जिंकणाऱ्या पहिल्या भारतीय खेळाडू आणि संस्कृत नाटककर्त्या. इंग्रजी नोंदींत आडनावाचे रूप ‘रो’ असे आढळते. त्यामुळे त्यांचे मराठी मूळ पुष्कळदा लक्षात येत नाही. आजोबा शंकर पांडुरंग पंडित हे तुकारामांच्या गाथेचे व अथर्ववेदाचे संपादक. आई पंडिता क्षमा राव यांचे सत्याग्रहगीता हे संस्कृत काव्य १९३२ मध्ये पॅरिस येथे प्रसिद्ध झाले. त्या स्वतःही टेनिस खेळत. वडील राघवेंद्र राव हे मुंबईतील नामांकित डॉक्टर होते.

१९३१ मध्ये लीला राव यांनी अखिल भारतीय महिला अजिंक्यपद मिळविले व पुढेही ते अनेकदा जिंकले. १९३४ च्या विंबल्डनमध्ये इंग्लंडच्या ग्लॅडिस साउथवेल यांच्याविरुद्ध पहिला सेट त्यांनी ४–६ असा गमावला. टायब्रेकची पद्धत तेव्हा नव्हती. दोन गेमची आघाडी मिळेपर्यंत खेळत राहावे लागे. दुसऱ्या सेटमध्ये हरणे म्हणजे स्पर्धेबाहेर जाणे होते. हा अठरा गेम चाललेला सेट त्यांनी १०–८ असा खेचून घेतला आणि तिसरा ६–२ असा सहज जिंकला. दुसऱ्या फेरीत फ्रान्सच्या ईदा आदामॉफ यांनी त्यांना हरविले. पुढील वर्षी पहिल्याच फेरीत त्यांचा पराभव झाला.

एका फेरीचा हा विजय वरवर किरकोळ वाटेल. परंतु या स्पर्धा तेव्हा हौशी खेळाडूंच्याच होत्या. पारितोषिकाची रक्कम नसे आणि यूरोपचा प्रवास बोटीने करावा लागे. घरची सुस्थिती व प्रोत्साहन नसलेल्या मुलीला ही वाट बंदच होती. दुसऱ्या महायुद्धात, १९४० ते १९४५ या काळात, विंबल्डन भरलेच नाही, आणि लीला राव यांच्या ऐन उमेदीची वर्षे त्यात गेली. खुल्या युगात ग्रँड स्लॅम स्पर्धेच्या एकेरीत सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री, निरुपमा वैद्यनाथन, पुढे आली ती १९९८ मध्ये, ऑस्ट्रेलियात.

१९४३ मध्ये त्यांचा विवाह सनदी अधिकारी हरीश्वर दयाळ यांच्याशी झाला. दयाळ नेपाळमध्ये भारताचे राजदूत असताना १९६४ मध्ये खुंबू भागाच्या दौऱ्यात निधन पावले. आईच्या कथांवरून लीला राव यांनी संस्कृत नाटके रचली. भारतीय नृत्यावरील नृत्तमंजरी हा त्यांचा ग्रंथही उल्लेखनीय आहे.