काकांचं सिमेंट

परवाच गावाहून आलो. ओटीची भिंत खालून कंबरेपर्यंत ओली, पोपडे सुटलेले. चुलतभाऊ म्हणाला, "दादा, पाडूया आता. स्लॅब टाकूया." मी गप्पच बसलो. पावसात गळक्या कौलांखाली बादल्या तो मांडतो. पुण्याहून चार दिवस येऊन त्याला जुन्या घराचं प्रेम मी काय शिकवणार?

गवंड्याने मात्र भिंतीवरचा सिमेंटचा थर थोडा उचकटून दाखवला. आत जांभ्याचा चिरा पाणी पिऊन बसलेला.

हा आपला जांभा खाणीत मऊ असतो, उघड्यावर आला की कडक होतो. विटांसारखा कापता येतो म्हणून फ्रान्सिस बुकॅननने १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात त्याला लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून 'लॅटेराइट' नाव दिलं. दगड सच्छिद्र. जमिनीतली ओल वर ओढतो आणि वाऱ्याला सोडतो. वरचा चुन्याचा गिलावाही तिला वाट देतो. पोर्टलंड सिमेंट (जोसेफ ॲस्पडिनचं पेटंट १८२४चं) घट्ट, ते वाट अडवतं. म्हणजे भिंत म्हातारी झाली नव्हती, तिचा श्वास कोंडला होता.

ते सिमेंट काकांनी १९७९ साली लावलं, मुंबईतल्या गिरणीच्या पगारातून पैसे साठवून. 'आता शंभर वर्षं बघायला नको' म्हणाले होते. चूक झाली खरी, पण मायेने झाली.

आणि घर 'जसं होतं तसं' ठेवायचं म्हणजे कुठल्या सालचं? पणजोबांच्या वेळी वर नळीची कौलं होती. १८६०च्या दशकात बासेल मिशनने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला, पुढे ती कौलं किनाऱ्याने सगळीकडे पोचली, आपल्याकडेही आली. मागची भाताची कोठी एवढी मोठी, कारण ती कुळांच्या खंडाने भरायची. १ एप्रिल १९५७ला कायद्याने कसणारे जमिनीचे मालक झाले. कोठी रिकामी झाली. आजी ते दुःखाने सांगायची. परवाचा गवंडी त्याच कुळांपैकी एकाचा नातू. चुन्याचं काम त्याच्या आजोबांनी त्याला शिकवलेलं. त्याने कोठीकडे पाहिलं, काही बोलला नाही. मीही नाही.

शेवटी ठरलं ते असं. यंदा फक्त ओटीची भिंत. सिमेंट काढायचं, भिंत सुकू द्यायची, मग कळीचा चुना विरवून गिलावा. वासे शाबूत आहेत तेवढे तेच, फुटलेली कौलं पडक्या गोठ्यावरून काढून. नवीन आणायचं ते कमीत कमी, आणि पुढच्या पिढीला पटलं नाही तर काढता येईल असं.

पुढच्या पावसानंतरही भिंत ओली राहिली, तर स्लॅबचा अर्धा खर्च माझा, असं भावाला कबूल केलंय. तो हसला. म्हणाला, "बघू."

असो. दिवाळीत जमू तेव्हा ओटीवरच बसू.